मी नदी देऊन टाकली

आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या पदवीसाठी मी भोपाळला आले, तेव्हा बाबांनी एकच अट घातली होती. पहिल्या वर्षी नापास झालीस, तर परत यायचं आणि गावातल्या कॉलेजात बी.ए. करायचं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली.

इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, एक परदेशी भाषा, असं सगळं त्यात एकत्र होतं. लेखी पेपरांचं मला भय नव्हतं. पाठांतर शाळेपासून अंगवळणी पडलेलं. धास्ती होती ती वाटाघाटींच्या तासाची. तिथे प्रत्येकाला एक देश मिळायचा आणि त्याच्या वतीनं बोलायचं. त्यात नापास म्हणजे वर्ष गेलंच.

माझा देश छोटासा, नदीच्या खालच्या अंगाचा. समोर धरण बांधणारा मोठा देश, म्हणजे तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. उन्हाळ्यातलं पाणी आम्ही अडवू का, असं त्यानं विचारलं. मी सवयीनं उभी राहिले. मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हेच शिकलेले.

"हाँ भैया, आप रख लीजिए."

वर्ग हसून लोळला. "पूरी नदी दे दी इसने, भैया बोलके!" मागून कुणीतरी ओरडलं.

आमच्या मॅडम पुण्याकडच्या. तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"पाणी तुझं होतं का गं?"

"नाही, मॅडम."

"मग दिलंस कसं? ज्यांची शेतं वाळणार, त्यांना विचारलंस?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"शुक्रवारी परत बस. भैया म्हणायचं तर खुशाल म्हण. पण त्यांच्या वतीनं बोल."

तोवर रोज अशोका गार्डन भागातल्या माझ्या खोलीत एका मैत्रिणीला समोर बसवून सराव केला. ती मुद्दाम दरडावायची, मी अडखळायचे, मग दोघी हसायचो.

शुक्रवारी मी पुन्हा उभी राहिले. "भैया, बिजली आपको चाहिए, समझती हूँ. बारिश का पानी रोकिए. गर्मी का नहीं." त्यानं पुष्कळ वाद घातला. मी तेच तेच सांगत राहिले. शेवटी तो म्हणाला, "ठीक है, मान लिया."

काठावर पास झाले. मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. बाबांना फोन करून सांगितलं.

"म्हणजे आता तू तिथंच," ते म्हणाले. "मग एकदा नीट सांग बाई, हा कोर्स आहे तरी कशाचा? इथं सगळे विचारतात, मी आपला कलेक्टरचा म्हणून सांगतो."