टॉकीजचा कापडी नकाशा

माझी सवत दगडाची होती. बाईमाणूस असती तर दारात जाऊन चार शब्द सुनावले असते, वेळ आली तर झिंज्याही धरल्या असत्या. पण जुन्या शहरातल्या टॉकीजच्या भिंतींना काय सुनावणार? आमचे हे त्या टॉकीजचे मॅनेजर. मी लग्न होऊन फुलंब्रीहून इथं आले, त्याच्या आधीपासून. टॉकीज बंद पडून नऊ वर्षं झाली, तरी यांचं मॅनेजरपण काही सुटलं नाही.

तिचा इतिहास मला ऐकून ऐकून पाठ झालाय. पाहुणा आला, चहा पुढं ठेवला, की हे सुरू. निजामाच्या काळात बांधलेली. दगड डोंगराकडच्या खदानीतला, आणि तो फोडणाऱ्या मजुरांना पहिल्या खेळाला फुकट बसवलं होतं, अगदी पुढं, जमिनीवर. आधी तिथं नाटक कंपन्या उतरायच्या, मग बोलपट आले. बायकांची जागा वेगळी आणि तिला पडदा. दिवे गेले की तो सरकवायचा, दिवे यायच्या आत पुन्हा ओढायचा, आणि तेवढ्या कामाला एक म्हातारी ठेवलेली. बाल्कनीतल्या कोणत्या खुर्च्या कुरकुरतात, कोणत्या खांबाआडून सिनेमा अर्धाच दिसतो, सगळं यांना तोंडपाठ. पोरीचा वाढदिवस मात्र मी सांगितल्याशिवाय एकदाही आठवला नाही.

शेजारणींना वाटायचं, मॅनेजरची बायको म्हणजे ही सगळे सिनेमे बघत असणार. कुठलं काय, दिव्याखाली अंधार. "घरच्या बाईला फुकट बसवलं तर लोक काय म्हणतील," हे यांचं म्हणणं. "मग तिकीट काढून बसवा," मी म्हणायचे. त्यावर हे हसायचे आणि चपला घालून तीनच्या खेळाला निघायचे. शुक्रवारी तर यांच्या अंगातच यायचं. नवीन सिनेमा, इस्त्रीचा पांढरा सदरा, कानात अत्तराचा बोळा. माझ्यासाठी कधी लावलं नाही मेलं ते अत्तर. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा, पण बोलायची सोय नव्हती. बाहेरख्याली माणसाच्या बायकोची लोक कीव तरी करतात. निर्व्यसनी नवरा वेळेवर कामाला जातो, ही तक्रार घेऊन मी कुणाकडं जाणार होते?

आमच्या घरातल्या लोखंडी ट्रंकेत त्या टॉकीजचा नकाशा होता. बांधायच्या आधी काढलेला, मूळचा, एकच. जुन्या मालकांनी यांच्याकडं जपायला दिला होता. कागदाचा नव्हता, कापडाचा होता. बारीक सुती कापडाला घट्ट खळ देऊन गुळगुळीत केलेलं, त्यावर काळ्या-तांबड्या शाईच्या रेघा, कोपऱ्यात उर्दू मजकूर आणि गोल शिक्का. लग्नानंतर एकदाच मला दाखवला, तोही स्वतः साबणानं हात धुऊन. मी बोट पुढं केलं तर म्हणाले, "तू नको, तुझे हात ओले असतात." मग गुंडाळून पिशवीत घातला आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवला. सारखा उलगडला तर कापड तुटेल म्हणे. यांना तसाही तो पाठ होता.

बाळंतपणाला फुलंब्रीला जायचं ठरलं होतं, पण पोरगी घाईची निघाली, आधीच आली. आई धावत इकडं आली. तो नेमका शुक्रवार. हे आले ते सहाचा खेळ सुरू करून. माझ्या कुशीतल्या पोरीकडं डोकावले आणि म्हणाले, "हाऊसफुल्ल आहे बरं का." मला आधी वाटलं, पोरीबद्दलच काहीतरी बोलतायत.

बारशाच्या आधी झबल्याचा विषय निघाला. लेकराच्या अंगात पहिलं कापड नवं घालत नाहीत आमच्यात. घरातल्या जुन्या माणसाच्या जुन्या कापडाचं झबलं शिवायचं, म्हणजे त्याचं आयुष्य लेकराला लागतं. सासू-सासरे नव्हते. आई यांना म्हणाली, "एखादा जुना सदरा तरी द्या." "बघू, आज गर्दी लई आहे," म्हणत हे निघून गेले. मी ट्रंक उघडली. म्हटलं, या घरात सगळ्यात जुनी माझी ही सवतच आहे. लागू दे तिचंच आयुष्य माझ्या पोरीला.

नकाशाचं कापड धुवायचं कसं, ते ठाऊक होतं. शेजारच्या खालाचे मिस्टर निजामाच्या बांधकाम खात्यात नकाशे काढायचे. रद्दीतले नकाशे घरी आणून खाला त्यांचे रुमाल करायची. "गरम पानी में डुबा दे बेटी, कलफ निकल गई तो मलमल हो जाता," असं तिनं मला कधीतरी हसत सांगितलं होतं. कलफ म्हणजे खळ. तसंच झालं. घंगाळातलं पाणी आधी तांबडं झालं, मग काळं. सोडा घालून दोनदा उकळलं, उन्हात टाकलं. कापड इतकं मऊ निघालं की हातात घेतल्यावर मला रडू आलं. पिशवीत मी एक वर्तमानपत्र गुंडाळून ठेवलं.

बारशाला हे तीनच्या खेळाच्या मध्यंतरात आले. पोरीला उचललं, झबल्यावरून हात फिरवला, "मऊ आहे," म्हणाले आणि पळाले. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. तुमची ती आता माझ्या पोरीच्या अंगावर आहे, आणि पोरगी तिला दिवसातून दहादा ओली करते, असं मनात म्हणत मी पाळणा हलवत बसले.

पुढं चाळीस वर्षं त्या पिशवीला कुणी हात लावला नाही. मी तर मूग गिळूनच होते.

गेल्या दिवाळीनंतर आर्किटेक्चर कॉलेजातली एक मुलगी घरी यायला लागली. टॉकीज पाडून तिथं दुकानांचं कॉम्प्लेक्स करायचं घाटत होतं आणि ही तिचा इतिहास लिहीत होती. हे तासन् तास तिला सांगत बसायचे आणि मी आतून चहा पुरवायचे. माझा इतिहास कुणी विचारला असता तर मीही सांगितला असता. एक दिवस ती म्हणाली, "काका, मूळ नकाशा मिळाला तर वारसा यादीसाठी अर्ज करता येईल. मग पाडणं सोपं नाही."

हे खुर्चीतून उठलेच. "नकाशा? घरातच आहे की आपल्या."

स्वयंपाकघरात माझ्या हातातली सांडशी खाली पडली.

पिशवीतून वर्तमानपत्र निघालं. हे ते दोन्ही बाजूंनी उलटून बघत राहिले. "उंदरांनी खाल्ला असेल," मी म्हणाले. "उंदीर खातील गं, पण पेपर गुंडाळून ठेवतील का?" हे म्हणाले. माझ्यावर संशय आलाच नाही, याचाही मला राग आला. यांच्या आणि तिच्या मधे मी येऊ शकते, हे या माणसाच्या डोक्यातच नव्हतं.

दोन दिवस घर उलटंपालटं केलं. तिसऱ्या दिवशी जेवताना यांनी ताट सरकवलं. "मीच कुणाला तरी दाखवायला नेला असणार, आणि विसरलो. एवढी एक वस्तू जपायला दिली होती..." यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. पोरीच्या लग्नात या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं.

खरं सांगते, तेव्हाही मी आधी जळलेच. माझ्यासाठी कधी अर्ध्या ताटावरून उठलात का? पण केलं मी, आणि दोष हे स्वतःला देतायत, ते मला बघवेना. उठले, पोरीच्या लहानपणच्या कपड्यांचं गाठोडं सोडलं आणि झबलं ताटाशेजारी ठेवलं.

"हा घ्या तुमचा नकाशा. मी धुतला. मुद्दाम धुतला."

हे चष्मा शोधून खिडकीशी गेले. मी पदर खोचून उभी. ओरडा एकदाचे, चाळीस वर्षांचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. पण हे झबलं उजेडाला धरून बघत होते. काखेजवळ एक फिकट तांबडी रेघ उरली होती, मला इतक्या वर्षांत न दिसलेली. "ही बाल्कनी," हे म्हणाले. मग बोट बंदाकडं नेलं. "इथं बायकांची जागा. इथं पडदा." कापडावर तिथं काही नव्हतं. का धुतलास, असं विचारलंसुद्धा नाही. "कधी शिवलंस?" एवढंच.

"बारशाला. तुम्ही हात फिरवला होता. मऊ आहे म्हणालात."

हे हळूच पलंगावर बसले.

कॉलेजातल्या मुलीनं येऊन झबल्याचे फोटो काढले. "यावरून काही सिद्ध होणार नाही, काकू," म्हणाली, पण रागावली नाही. गेल्या महिन्यात टॉकीजभोवती पत्रे ठोकले. आतून फोडायचा आवाज येतो म्हणतात.

तेव्हापासून हे घरीच असतात. टॉकीज बंद होती तरी तीन वाजता तिथल्या वॉचमनजवळ जाऊन बसायचे, आता तेही नाही. तीन वाजले की माझ्यासमोर, खिडकीशी, झबलं मांडीवर घेऊन बसतात. जन्मभर मागितलं ते मिळालं म्हणायचं. मी गवार निवडते आणि यांचा अंगठा बघते. त्या तांबड्या रेघेवरून जातो, परत येतो. माझ्या हातावरून असा कधी फिरला नाही.

काल मला राहवलं नाही. कापड मळलंय, एवढं निमित्त होतंच.

"द्या इकडं," मी म्हणाले, "धुऊन ठेवते."

यांनी झबल्याची घडी घातली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"नको," म्हणाले. "एकदा धुतलंस."