खारं तळं ओलांडलेलं खेकडं

मला लहानपनापासून एक वाईट खोड. समदं इचारायची. मेंढी मुंडी खाली घालूनच कावून चालती, हिरीचं पानी थंडीत ऊन कावून लागतं. आई म्हनायची, "ह्या पोरीच्या तोंडाला कुलूप घाला कुनीतरी." लगीन झालं तरी कुनी घातलं न्हाई. आज नात माजं बोलनं उतरून घेतीया, तिलाबी मधीमधी मीच इचारते, काय लिवलंस, वाच बरं.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली, जर्मनची लढाई सरली तवाची. आमी मेंढरंवाले. सिंदफना नदीच्या काठाला आमची वस्ती. नवरा माजा रिसाल्यात मोतद्दार व्हता, घोड्यांना खरारा करायचा, त्यांचं दानापानी बघायचा. लढाईसाठी घोडी बोटीत घालून मिसर देशाला नेली, त्यांच्यासंगं ह्योबी गेला. रिसाला माघारी आला, त्यो आला न्हाई. कचेरीतून मेल्याचा कागद न्हाई आन जित्याचा सांगावा न्हाई.

मग एक दिवस त्येच्या संगतीचा मोतद्दार वस्तीवर आला, गेवराईकडचा. माज्या सासूनं, तिला मी आत्या म्हनायची, त्येला पानी दिलं. पानी पिऊन त्यो खाली बघत म्हनला, "काकू, तुमचा ल्योक जिता हाय. तितंच ऱ्हायला. एका कोळ्याच्या घरात घरजावई झालाय."

फडक्यातून त्येनं एक वाळकं खेकडं काढलं आन आत्यापुढं ठिवलं. "ह्ये त्येनंच दिलंय, तुमाला दाखवाय."

आगं बया! माजा नवरा दुसरीच्या घरात नांदतोय हे ऐकून मी ऊर बडवायला पायजे व्हतं. आन मी बघत बसले त्या खेकड्याकडं. असलं खेकडं आमच्या नदीत न्हाई. तळहातापेक्षा रुंद, निळसर पाठ, दोन्ही अंगाला लांब काटा. मागचे दोन पाय तर उलथन्यासारखे चपटे.

"हे पाय असे कावून?" मी इचारलं.

"पवतंय ते, वैनी. चालत न्हाई," त्यो म्हनला. मग त्येनं समदं सांगितलं. मिसर देशात एक मोठा कालवा खनलाय, त्यातून बोटी जातेत. कालव्याच्या एका तोंडाला आपल्या बाजूचा दर्या, दुसऱ्या तोंडाला गोऱ्यांच्या मुलखाचा. हे खेकडं आपल्या दर्याचं. पन आता पल्याडच्या तोंडाला कोळ्यांच्या जाळ्यात घावतंय. तिथली म्हातारी मानसं म्हनतेत, आमच्या बापानं कवा असलं खेकडं बघितलं न्हवतं. कालवा झाला आन हे आपलं आपन निघून तिकडं गेलं, तितंच पिल्लं घातली.

तवर वस्तीवरची मानसं गोळा झालती. समदे खदाखदा हसले. "बे, खेकडं काय तालुका बदलून जातंय व्हय?" एक म्हनला. दुसरा म्हनला, "उचलली जीभ, लावली टाळ्याला. खेकड्याची थाप हानतोय, तशीच तिच्या नवऱ्याचीबी." आत्या तर उठून आत गेली. "माजं लेकरू मेलं असंल," म्हनली, "पन मला इसरायचं न्हाई."

तितून ते दोन्ही एकात एक गुतलं. खेकडं खोटं तर मोतद्दार खोटा. मोतद्दार खोटा तर मी रांडाव. पंचांनी ठरीवलं, पुनवेला बसू, मेला म्हनून धरू, हिच्या बांगड्या उतरवू, मग हिचा कुठंबी पाट, म्हंजी दुसरं लगीन, लावता येईल. आमच्यात रांडावेला पाट लावतेत, तेवढं बरं हाय. पन मला कळंना, मानूस जिता असंल तर त्येचं तेरावं कसं घालायचं?

मी खेकडं पदरात बांधलं आन बीडच्या बाजाराला गेले. तितं सुकट-बोंबील इकनारा एक कोकनातला मानूस बसायचा. त्येनं खेकडं उलटं-पालटं केलं. "हा आमच्याकडचाच," म्हनला. "मुंबैला टोपलीनं मिळतो."

झालं! वस्तीवर तर चेवच आला. मुंबैला बोटीतून उतरला आन बाजारातून उचलला मेल्यानं, असं समदे म्हनाय लागले. पन मी म्हनलं, आरं, मोतद्दारबी तेच म्हनतोय न्हवं? खेकडं आपल्या दर्याचं हाय, असंच तर त्यो म्हनतोय. कुनी ऐकंना. बाईचं डोस्कं फिरलंय म्हनले.

मग मी गेवराईला मोतद्दाराकडं गेले. त्यो अंगनात घोड्याचा लगाम शिवत बसलता. मी म्हनलं, "भावजी, त्या कालव्यात मधी काय हाय?"

"मधी तळी हायेत, वैनी. लई खारी. दर्यापेक्षा खारी. पानी ओठाला लागलं तर आग हुती."

"मग हे खेकडं त्यातून जितं कसं गेलं?"

त्येनं लगाम खाली ठिवला. "ते मला ठाव न्हाई," म्हनला. "मी बघितलं तेवढं सांगितलं."

वाटनं येताना माजं मन तितंच. थापा मारनाऱ्याला समदं ठाव असतंय. आमच्या वस्तीवर असे दोन-चार व्हतेच, त्यांना कायबी इचारा, जबाब तयार. ह्यो मानूस न्हाई म्हनला.

घरी आले आन सरळ नदीला गेले. काठाच्या बिळातनं दोन खेकडी काढली, बोटाला चावा घिऊन. दोन काठ फुटलेली मडकी नदीच्या पान्यानं भरली. एका मडक्यात मेंढरांचं मीठ दोन मुठी टाकलं आन खेकडं सोडलं. सकाळी बघितलं तर पाय वर. दुसऱ्यात पयल्या दिशी चिमूटभर मीठ, दुसऱ्या दिशी आनखी चिमूटभर. असं रोज. आत्यानं बघितलं आन वरडली, "मेंढरांच्या तोंडचं मीठ खेकड्याला घालतीस, लाज हाय का?" मी म्हनलं, "लाज हाय, आत्या, पन पुनव जवळ आली."

पुनवेपातूर पानी असं खारट झालतं की मी बोट बुडवून चाटलं आन थुंकले. खेकडं मडक्याच्या कडंला नांगी आपटत व्हतं. जितं! मला एवढा आनंद झाला की मी एकटीच हसले. मग आनंद जिरला. कारन सवयीनं खेकडं खाऱ्या तळ्यातनं जाऊ शकतं, तर मोतद्दार खरा, आन मोतद्दार खरा तर माजा नवरा खरंच तितं हाय, दुसरीच्या हातचं खातोय. त्या दिशी मी रडले, मडक्यापुढं बसून, आन त्येला लई शिव्या दिल्या.

नदीचं खेकडं निराळं, दर्याचं निराळं, हे मला कळत व्हतं. पक्कं कायबी झालं न्हवतं. पन माज्यापुरतं झालं.

पुनवेला पंच बसले. मोतद्दारालाबी बलावलं व्हतं. बांगड्या उतरवायला एक म्हातारी उठली. मी हात मागं घेतले. म्हनलं, "मला काडीमोड द्या."

पंच म्हनले, "पोरी, मेल्या मानसासंगं काडीमोड हुत न्हाई. काडी नवरा मोडतो."

"म्हनूनच मागतीया," मी म्हनलं. "त्यो जिता हाय. हितं न्हाई, तर त्येच्या वतीनं त्येच्या आईनं मोडावी. पाट तर तसाबी लागतोय."

पंचांनी एकमेकाकडं बघितलं, मग एकानं छपरातली काडी वडून आत्याच्या हातात दिली. काडी मोडायची म्हंजी तिची सून गेली, आन ल्योक जिता हाय असं चारचौघांत कबूल करायचं. त्यो तिला इसरला, हेबी कबूल करायचं. आत्यानं काडी दोन्ही हातांत धरली. माज्याकडं बघितलं, मी मान हालवली.

तिनं काडी मोडली.

मग मोतद्दाराकडं वळली. त्यो आल्यापासनं पयल्यांदा त्येच्याशी बोलली.

"तितं त्येला जवारीची भाकर भेटती का रं?"

तिच्या जिवासाठी हो म्हनला असता, तर कुनी त्येला नाव ठिवलं नसतं.

"न्हाई भेटत, काकू," त्यो म्हनला.