नानामामांचा भराव

सर्व सुजाण वाचकांस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मुंबई बेटाची रुंदी वाढवणारे आणि गिरणा नदीची रुंदी कमी करणारे महापुरुष, भडगावचे आमचे नानामामा, गेल्या मार्गशीर्षात हे जग सोडून गेले. जगाच्या नकाशात त्यांनी किती भर घातली, हे सरकार सांगणार नाही. म्हणून मी सांगतो.

निरोप आला तेव्हा मी जळगावात जेवायला बसलो होतो. ताटात त्यांनीच पाठवलेल्या वांग्यांचं भरीत… ताट काही सोडवलं नाही. मामांनीही नसतं सोडलं.

मामांच्या मालकीची वीतभर जमीन नव्हती. लग्नातच सासऱ्यानं भर मांडवात सुनावलं होतं, “पोर दिन्ही, पण भरीतनं वांगं बी आते लोकेसना वावरमाईन लई!” लोकांच्या वावरातलं वांगं! तो टोमणा मामींना असा लागला, की घरात भरीतच होईना. मामा तडक मुंबईला गेले. तिथे समुद्र मागे सारून जमीन करायचं काम जोरात होतं. दोन वर्षं टोपल्या वाहून परतले ते थेट ओट्यावरचे प्रवचनकार होऊन. “अरे, मुळात सात बेटं! मध्ये खाड्या. भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. आधी दगडाची भिंत, मग आत भराव. झाली मुंबई!” मग एक दिवस तेच हात त्यांनी गिरणेच्या काठाकडे केले.

उन्हाळाभर मामा-मामींनी पात्रात दगडांची भक्कम भिंत रचली, आत गाळ टाकला. मी तेव्हा विशीत; मीही टोपल्या वाहिल्या. दगडू नावाडी रोज येऊन हसायचा, “नाना, समिंदर येस आनि परत जास. गिरणा फक्त जास, भो! तिले जावाले वाट लागस.” मामांनी ऐकलं नाही. पहिल्याच पुरात भिंत, गाळ आणि मामींच्या दोन टोपल्या पार तापीच्या भेटीला गेल्या. सगळं गाव काठावर उभं राहून हसलं. मामी मात्र रडल्या.

पुढच्या वर्षी मामांनी निमूट दगडूलाच गुरू केलं. भिंत नाही, बाभळीच्या मेखा तिरक्या ठोकल्या, त्यांत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या विणल्या. पाणी त्यांतून पाझरलं, मंदावलं, आणि जाता जाता गाळ ठेवून गेलं. टोपली न उचलता! चार पावसाळ्यांत तिथे काळंभोर वावर उभं राहिलं. तलाठी नकाशा घेऊन आले, “इथे पाणी आहे.” मामा म्हणाले, “रावसाहेब, मुंबईच्या नकाशातही होतं!” तलाठी हसले, भरीत जेवले आणि काहीच न लिहिता गेले. पहिलं वांगं मात्र आधीच सासऱ्यांना गेलं होतं… देठाला तांबडा दोरा बांधून.

मामा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी अस्थी आणि राख घेऊन आम्ही नदीवर गेलो. बायकांनी यायची रीत नाही, पण मामी आल्याच. दगडूनं मधल्या धारेत राख सोडली. ती थोडी वाहिली, वळली आणि पऱ्हाट्यांच्या कुडाशी येऊन थांबली. दगडूनं वल्ह्यानं ढकलली. ती पुन्हा वांग्यांच्या वाफ्यापाशी परत. मामींनी डोळ्यांना लावलेला पदर काढला, टक लावून पाहिलं आणि एकदम ओरडल्या,

“देखा, देखा! आते सोताच भराव व्हयी ग्यात!”