मिस्त्रीचा पाचवा बोअर

मुठीतला ओला चुरा नाकाशी न्यायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "वरचं पाणी वर, खालचं खाली. दोघांची सोयरीक लावू नका." बोअरच्या मशीनवरच्या त्या मिस्त्रीची ही सवय. असा एखादा तुम्हीही पाहिला असेल.

मी नागपुरात नाल्याकाठच्या एका नव्या ऑफिसवर चौकीदार. ती इमारत जमिनीतल्या गारव्यानं थंड करणार होते. खोल बोअर मारायचे, त्यांत नळ्या सोडायच्या, नळीतलं पाणी खाली गार होऊन वर यायचं. चौथी शिकलेल्या माणसाला एवढंच कळलं. पुढचं मिस्त्रीनं शिकवलं.

एक रॉड खाली गेला की तो मूठभर चुरा पोत्यावर मांडायचा. आधी मुरूम, मग पिवळी माती, मग काळा दगड. माझी बायको चहा घेऊन आली की तिला दाखवायचा.

"पाहा वहिनी, हा मुरूम नाल्याचं पाणी पिते. अन् ह्या काळ्या दगडाच्या फटीत तुमच्या हापशीचं पाणी. मधात ही पिवळी माती हाय म्हणून वाचल्या तुम्ही."

आमच्या वस्तीची हापशी भिंतीपलीकडेच. मिस्त्री एकदा तिथं ओंजळभर प्याला आणि म्हणाला, "काय गोड पाणी हाय वहिनी! इथंच राहावंसं वाटते."

"राहा न मग," बायको म्हणाली. "चहाचं दूध तेवढं तुम्ही आणत जा."

नळी सोडली की तिच्या भोवतीची पोकळी सिमेंट-चिकणमातीच्या गाऱ्यानं तळापासून बुजवावी लागते. नाहीतर नाल्याचं पाणी नळीच्या कडेनं सरळ खाली. मिस्त्री सांगून थकला. ठेकेदार म्हणाला, "तू मशीन चालव बे. निघालेला चुराच टाका परत." टाकला. एक टोपलं माझ्याही हातात होतं. खोटं कशाला बोलू?

पावसाळ्यात हापशीला पिवळं पाणी आलं. वास यायचा. वस्तीनं प्यायचं सोडलं, बायकोनं नाही.

"नाक नाही का वं तुले?" मी ओरडलो.

"मिस्त्रीभाऊ गोड म्हणून गेले. त्याहीले समजते का तुमाले? गढूळ हाय, गाळ खाली बसून जाईन."

तिला हगवण लागली. दवाखान्यात चार दिवस होती. तिथंच गेली. पाण्यानंच गेली असं कोणता डॉक्टर लिहून देतो? मला लिहून नकोही होतं.

तेरवीला मिस्त्री आला. पानावर बसला नाही. "मी काहून गोड म्हटलं, भाऊ?" एवढंच बोलला.

रविवारी सुट्टी पाहून सिमेंटचं पोतं डोक्यावर घेऊन गेटवर उभा. मी आत घेतला. नाल्याकडून सुरुवात केली. हात पोचेल तिथवर चुरा उपसायचा, गारा ठासायचा. "पुरं नाही होत, पण तोंड तर बांधतो," म्हणाला. दुपारपर्यंत चार झाले.

पाचव्यावर असताना ठेकेदाराचा माणूस मोटरसायकलवर आला. "चौकीदार, याले बाहेर काढ. नाहीतर दोघंही जा."

मिस्त्री पोटावर पालथा, हात खांद्यापर्यंत जमिनीत. मान वळवून म्हणाला, "हा एक करू दे, भाऊ. हा हापशीच्या लाईनीतला हाय."

बायको गेली होती. नोकरी तेवढी उरली होती. मी म्हटलं, "निघ गा."

तो उठला. कोपरापर्यंत सिमेंट. माझ्याकडे पाहिलंही नाही. मशीन सावनेरकडे गेली म्हणतात. त्याचा फोन लागत नाही.

उरलेल्या बोअरवर आता फरश्या बसल्या. आत साहेब लोक गार बसतात. शेजारची दोन घरं पुन्हा हापशी भरू लागली आहेत. पाणी आता निवळ दिसतं, म्हणतात. मी सांगतो, ऐकत नाहीत. पाऊस झाला की पाचव्या बोअरवरच्या फरशीच्या फटीतलं पाणी पाहता पाहता नाहीसं होतं. मी गेटवर बसून पाहतो.