फुगडीची जोडी आणि माझे बारा किलो

फुगडी कशी घालतात ते तुम्ही दोघा नातवंडांनी पाहिलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहिते. दोघींनी समोरासमोर उभं राहायचं, पायांची बोटं एकमेकींच्या बोटांना भिडवायची, हातांची अढी घालून घट्ट धरायचं आणि एकाच वेळी मागे झुकायचं. तिचं वजन मला तोलतं, माझं तिला. मग गरगर फिरायचं. एक घाबरली की दोघी पडतात.

आमच्या डोंबिवलीतल्या मंगळागौरीच्या गटात आम्ही चौदा बायका आहोत, सगळ्या साठीच्या पुढच्या. श्रावणातल्या मंगळवारी नव्या नवरीची मंगळागौर असते. पूजा झाली की खेळ खेळायचे असतात, आणि हल्ली नवरीच्या मैत्रिणींना ते येत नाहीत, म्हणून आम्हाला बोलावणं येतं. आमची गटप्रमुख टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली. गळ्यात शिट्टी घालून सराव घेते. फुगडीच्या जोड्या ती वजनावर लावते. फरक पाच किलोंपेक्षा जास्त असला तर जोडी रद्द. मी एकोणसाठ किलोंची, आणि समोरच्या इमारतीतली माझी मैत्रीण पंचावन्नची. नऊ श्रावण आमची जोडी कुणी मोडली नव्हती.

मागच्या मार्गशीर्षात ठाण्याला खोपटच्या स्टँडवर एसटीतून उतरताना माझी शेवटची पायरी चुकली आणि डाव्या घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. इथवर तुम्हाला ठाऊक आहे, व्हिडिओ कॉलवर तुम्ही त्या प्लास्टरवर काय काय काढायला सांगत होतात. ठाऊक नाही ते पुढचं. हाड मोडलं की आपल्याकडे डिंकाचे लाडू येतात. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी डबा आणला, माझ्या नणंदेने शहाडहून आणला, गटातल्या चौघींनी चार आणले. खारीक, खोबरं, डिंक, वर सढळ हाताने तूप. नाही म्हटलं तर आणणारीला वाईट वाटतं, म्हणून मी सकाळी दोन आणि दुपारी चहाबरोबर एक असा नियम केला, आणि तो काटेकोर पाळला. प्लास्टर निघालं तरी पाळला. फाल्गुनात वजनकाट्यावर उभी राहिले तेव्हा काटा एकाहत्तरवर गेला. मी उतरून पुन्हा चढले. पुन्हा एकाहत्तर.

काठी टेकत सरावाला गेले, तर गटप्रमुखाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं, यंदा तू ढोलकीशेजारी बस. टाळ्या वाजवायलाही कुणीतरी लागतंच की!"

"आणि माझी जोडी?"

"तुझ्याबरोबर हिला फिरवली तर ही थेट कल्याणला जाऊन पडेल!"

सगळ्या हसल्या. माझी मैत्रीणही हसली, मग माझ्याकडे पाहून गप्प झाली. मी खुर्चीत बसून तासभर टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं: श्रावणाच्या आत साठ. पाच महिन्यांत अकरा किलो. गणित कठीण होतं, अशक्य नव्हतं.

मानपाडा रस्त्यावर एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, तुमच्या आईहूनही लहान. तिने माझा घोटा वळवून पाहिला, वहीतला साठचा आकडा आणि त्याखाली लिहिलेले रोजचे तीन लाडू वाचले आणि कपाळावर हात मारला.

"आजी, हाड जानेवारीतच जुळलंय! लाडू कोणासाठी चाललेत?"

"आणणाऱ्यांसाठी," मी म्हटलं.

"मग त्यांनाच खाऊ द्या ना! आणि साठचं लगेच मनावर घेऊ नका. आधी या पायावर दहा सेकंद उभं राहून दाखवा."

दहा सेकंद! मी तीन सेकंदांत टेबल धरलं.

तिथून सगळं सुरू झालं. चहा उकळेपर्यंत ओट्याशी डाव्या पायावर उभं राहायचं. फरशीवर पंचा पसरून तो पायाच्या बोटांनी ओढायचा. टाचा उचलायच्या, वीस वेळा. संध्याकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या. तुमचे आजोबा गॅलरीतून मोजायचे आणि मुद्दाम चुकायचे. "सातवी!" ते ओरडायचे. "नववी आहे," मी खालून. जेवण साडेसातला. जे खाल्लं ते वहीत, खोटं न लिहिता. एका रविवारी चार पुरणपोळ्या लिहाव्या लागल्या. चैत्रात तीन सेकंदांचे दहा झाले, वैशाखात तीस. ज्या दिवशी मी काठी छत्र्यांच्या स्टँडमध्ये ठेवून दोन जिने एका दमात चढले, त्या दिवशी इतका आनंद झाला की दार वाजवायचं सोडून मी पुन्हा खाली गेले आणि पुन्हा चढून आले!

पण वजन चौसष्टपाशी अडलं. आषाढ संपत आला तरी काटा हलेना. मैत्रीण पंचावन्न, मी चौसष्ट, नऊचा फरक. खुर्ची ठरलेली.

जोड्या लावायच्या दिवशी गटप्रमुखाने सभागृहात वजनकाटा आणून ठेवला. आम्ही सगळ्या नऊवारी नेसून आलो होतो, कारण नंतर सराव होता. मी चढले: पासष्ट.

"यात लुगडं आहे," मी म्हटलं.

"लुगडं सगळ्यांनाच आहे. कारणं सांगू नकोस."

"कारण नाही, वजाबाकी. दोघींची लुगडी सारखी, म्हणजे फरकातून ती उडतात. फक्त फरक बघ."

"फरकच तर बघायचाय, मास्तरीणबाई! चढ गं तू," ती माझ्या मैत्रिणीला म्हणाली.

मैत्रीण चढली. काटा साठवर थांबला. गटप्रमुखाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. साठ.

"हे काय? तू तर पंचावन्न होतीस!"

"चार महिने रोज तीन केळी आणि पेलाभर दूध," मैत्रीण म्हणाली. "डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत होते वजन वाढव म्हणून. आता ऐकलं."

"मला बोलली नाहीस!" मी ओरडलेच.

"बोलले असते तर तू चार महिने घाम गाळला असतास का?"

पाच. बरोबर पाच! गटप्रमुखाने शिट्टी तोंडात धरली, काढली आणि म्हणाली, "पाचपेक्षा जास्त नाही. बसतंय." बाकीच्या बाराजणींनी टाळ्या वाजवल्या, आणि या वेळी मी वाजवल्या नाहीत.

श्रावणातला पहिला मंगळवार कल्याणला होता, एका सभागृहात. नवरी तुमच्या मोठ्या मामेबहिणीएवढी. झिम्मा झाला, पिंगा झाला, मग फुगडीसाठी आमची जोडी मध्ये आली. आम्ही बोटं भिडवली, हात धरले. मैत्रीण मागे झुकली आणि मी झुकलेच नाही. खरं सांगते, सराव वीस वेळा केला होता, तरी त्या क्षणी मला पाय दिसेना, फक्त एसटीची ती पायरी दिसत होती. तिच्या ओढीने मी पुढे आले. दीडशे माणसं बघत होती.

"मागे ये," ती हळूच म्हणाली.

"घोटा..."

"घोटा तू सांभाळ. बाकीची मी धरलीये. ये मागे!"

मी डोळे न मिटता मागे झुकले. हात ताणले गेले, खांदे ताणले गेले, आणि घोटा जागच्या जागी राहिला. मग फिरलो. समोर फक्त तिचा चेहरा, हसणारा. मागचे दिवे, नवरीची हिरवी साडी, तुमचे आजोबा, सगळ्यांची एक पट्टी झाली. मी मोजायला लागले आणि पंधरानंतर मोजणं सोडून दिलं. कुठेतरी शिट्टी वाजत होती, पुढचा खेळ खोळंबला होता.

"दम लागला?" मैत्रिणीने धापा टाकत विचारलं.

"तुला लागलाय," मी म्हटलं, आणि वेग वाढवला.