क्लचची नोंद

शुभावहिनींचा फोन आला तेव्हा मी टॅम्पिनीसहून ऑफिसला निघालो होतो, एमआरटी मेट्रोत उभा. "सतीशभावजी, मिलिंद गेला," एवढंच त्या म्हणाल्या. सकाळी चहा पिता पिता त्याचं हृदय बंद पडलं होतं. मी पुढच्याच स्टेशनवर उतरलो आणि बाकावर बसून राहिलो. मनात पहिलं काय आलं, तर होक्काइडो राहिलं... मग स्वतःचीच लाज वाटली.

मिलिंद माझा मित्र, मरीन इंजिनिअर. जन्म गेला जहाजांच्या इंजिनरूममध्ये घाम गाळण्यात, राहायला यिशुनमध्ये, जिथे बारा महिने बनियन अंगाला चिकटतो, आणि वेड कसलं, तर बर्फातल्या रानवाटांवर मोटारसायकल चालवण्याचं! इथल्या घरांत जाड भिंतींची एक छोटी खोली असते, बॉम्ब शेल्टर; तिच्यात लोक तांदूळ नि सुटकेसा ठेवतात, त्याने अस्तराचे बूट नि जाड हातमोजे ठेवले होते. "एसी सोळावर लाव आणि बस की गाडीवर," असं मी त्याला चिडवायचो. सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं सीमेपलीकडे मलेशियात गाड्या पिटाळून यायचो. मी बँकेतला अकाउंटंट, जपून चालवणारा. तो पुढे, मी मागे.

प्रत्येक फेरीनंतर तो जहाजावर लिहितात तसा लॉग लिहायचा. तारीख, हवा, गाडीची अवस्था, शेरा. लॉगमध्ये खोडरबर चालत नाही, हे त्यानेच मला शिकवलं. चुकीच्या नोंदीवर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं आणि ज्याची चूक त्याने सही करायची. एकदा बिघडलेला पंप चालू असल्याचं लिही म्हणून वरिष्ठाने दम भरला होता. याने लिहिलं नाही, अर्ध्या सफरीतून घरी आला, आणि बढती दोन वर्षं लांबली. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही.

चार वर्षांपूर्वी आम्ही होक्काइडोला गेलो. एका गावातून खिळ्यांचे टायर लावलेल्या गाड्या भाड्याने घेतल्या. जंगलातल्या वाटेने चढ ओलांडला की पलीकडे गोठलेलं तळं, ते त्याला बघायचं होतं. कित्येक वर्षं त्याने त्या तळ्याचे नकाशे धुंडाळले होते. मी वाटेत दोनदा पडलो. शेवटच्या चढाशी आलो आणि मी गाडी थांबवली. भीती वाटते असं म्हणवेना. म्हणालो, "मिलिंद, माझा क्लच स्लिप होतोय."

त्याने माझी गाडी घेतली, तोच चढ निम्मा चढून गेला, वळवून खाली आला. गाडी कुठे अडखळली नाही. हेल्मेट काढून त्याने माझ्याकडे पाहिलं... "हो रे, होतोय स्लिप. परत फिरू." बर्फात कुणी एकट्याने पुढे जायचं नाही, हा आमचा नियम, त्यामुळे तळं त्याचंही राहिलं. गावात गाडीवाल्या म्हाताऱ्याने क्लच तपासून मान हलवली, "नो प्रॉब्लेम" म्हणाला. मिलिंदने घाईघाईने त्याचे आभार मानले आणि मला नूडल्स खायला नेलं.

त्यानंतर दर हिवाळ्यात तो विचारायचा, "यंदा?" माझं बँकेचं क्लोजिंग असायचं, नाहीतर मुलीची परीक्षा. खरं कारण असं की, तिथे पुन्हा गेलो तर त्या चढाशी मला खरं बोलावं लागलं असतं. मागच्या डिसेंबरात त्याने विचारलंच नाही. मला तेव्हा हायसं वाटलं.

गेल्या रविवारी यिशुनला गेलो. वहिनी बॉम्ब शेल्टर आवरत होत्या. त्याची मुलगी रेवा लॉगची वही घेऊन आली, इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणाली, "अंकल, यू टेक लाह. यू वेअर ऑल्वेज देअर." मी तिथेच, त्याच्या बुटांशेजारी स्टुलावर बसून होक्काइडोचं पान काढलं. त्याचं सरळ, ठसठशीत अक्षर. 'हवा स्वच्छ. माझी गाडी उत्तम. सतीशच्या गाडीचा क्लच निकामी. चढाखालून परत.'

बढतीसाठी ज्याने एक शब्द खोटा लिहिला नाही, त्याने हे लिहिलं होतं. ही वही घरात कुणी वाचली, तरी माझी अब्रू राहावी म्हणून.

"वहिनी, पेन आहे का?" मी विचारलं. त्यांनी दिलं. पट्टी नव्हती, हाताने जमेल तितकी सरळ रेघ मारली. शेजारी लिहिलं, 'क्लच उत्तम होता. मी घाबरलो होतो.' आणि खाली सही केली. नोंद त्याची होती, पण चूक माझी. रेघेखालचं त्याचं अक्षर अजून स्वच्छ वाचता येतं.