माडावरचा आरोपी

आमच्या विभागात किस्से जमवावे लागत नाहीत. केसपेपरच्या पाठकोऱ्या बाजूला ते आपोआप साठत जातात. पुढच्या बाजूला मी गंभीर भाषेत 'सामाजिक अहवाल' लिहिते, आणि त्या भाषेत जे बसत नाही ते मागे. बाळंतपणाच्या रजेवरून परत आल्यावर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं, की पुढे अर्धं पान आणि मागे दोन पानं, असं प्रमाण पडतंय.

लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "तू मेंटल डिपार्टमेंटला ना? सांग की वेड्यांचे किस्से." मला सांगता येत नाहीत. माझ्याकडचे बहुतेक किस्से शहाण्यांचे आहेत. हे पुढचे तर सगळे एकाच केसमधले, आणि त्यात जो खरा आजारी तो सगळ्यात कमी बोलला.

थोडं आधीचं सांगते. एखाद्या आरोपीला मानसिक आजारामुळे आपल्यावर खटला कसला चाललाय हेच उमगत नसेल, तर कोर्ट खटला थांबवतं. मग त्या माणसाला ठेवायचं कुठे? कोणी हमी देत असेल तर घरी, नाहीतर मनोरुग्णालयात, बरा होईपर्यंत. त्याला उमगतंय की नाही हे आमच्या डॉक्टर मॅडम सांगतात. घर त्याला सांभाळू शकेल की नाही हे विभागातली समाजसेविका म्हणून मी सांगते. मी म्हणजे जिला स्वतःची चौदा महिन्यांची मुलगी आपल्याला सांभाळता येतेय की नाही याची खात्री नाही, आणि जी दर तासाला घरी फोन करून ओवी काय करतेय असं विचारते. सासूबाई हल्ली फोन उचलून 'हॅलो'सुद्धा म्हणत नाहीत. थेट म्हणतात, "श्वास घेतेय."

* * *

आरोपीचं नाव गजानन, सगळ्यांचा गजा. नागावचा. धंदा पाडेलीचा, म्हणजे माडावर चढून नारळ पाडायचे. वय चाळिशीकडे झुकलेलं. आजार बारा-पंधरा वर्षांचा, औषधं कधी चालू, कधी बंद. कानात माणसं बोलतात. बहीण मंदाताई सांभाळते.

झालं असं, की शेजारच्या होमस्टेत पाहुण्यांनी दुपारी मोठा स्पीकर लावला होता. गजा माडाच्या शेंड्यावर होता. त्याने वरून नारळ टाकायला सुरुवात केली. तीन स्पीकरवर, दोन गाडीवर, एक कुठेच नाही. होमस्टेचे मालक सदानंद काय चाललंय ते बघायला बाहेर आले आणि सातवा त्यांच्या उजव्या खांद्यावर. हाड मोडलं, प्लेट घालावी लागली. गजा त्यानंतर संध्याकाळपर्यंत वरच बसून राहिला. पोलीस खाली उभे. त्यांच्यात चढणारा कोणी नव्हता, आणि गावात चढणारा एकच होता, तो वर होता.

सातही नारळ पोलिसांनी मुद्देमाल म्हणून जप्त केले, चिठ्ठ्या लावल्या, ठाण्यातल्या खोलीत ठेवले. खटला आपल्या गतीने चालला. नारळ आपल्या गतीने. काही महिन्यांनी पाटील हवालदार आमच्या ओपीडीत गजाला कोठडीतून घेऊन आले तेव्हा त्यांच्या हातात कोर्टाला द्यायचा एक अर्ज होता. भाषा बरोबर आहे का बघा म्हणून मला वाचायला दिला. लिहिलं होतं: 'मुद्देमाल क्रमांक चार यास कोंब आला असून तो दिवसेंदिवस वाढत आहे. तरी पुढील आदेश व्हावेत.'

मी म्हटलं भाषा उत्तम आहे.

* * *

त्याच दिवशी डॉक्टर मॅडमनी गजाची तपासणी केली. खटला कळतोय का हे बघायचे साधे प्रश्न असतात. कोर्ट कशासाठी असतं, तिथे कोण काय करतं, वगैरे. मी कोपऱ्यात बसून लिहून घेत होते.

मॅडमनी विचारलं, वकील काय करतो? गजा म्हणाला, "तारीख घेतो."

आणि न्यायाधीश?

"तारीख देतो."

पाटील हवालदार दारात उभे होते, त्यांना राहवलं नाही. म्हणाले, "मॅडम, याला माझ्यापेक्षा जास्त कळतं." माझंही पेन थांबलं. उत्तरं चुकीची म्हणायची कशी? इतक्यावर एखाद्याने 'खटल्यास पात्र' असा शिक्का मारला असता, तर गजा पिंजऱ्यात उभा राहून शिक्षा घेऊन मोकळा झाला असता.

मॅडम हसल्या नाहीत. शांतपणे पुढचा प्रश्न विचारला, तुमच्यावर आरोप काय आहे. गजा पुढे झुकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की नारळ त्याने टाकलेच नाहीत, माडाने टाकले. माडाने त्याला फक्त विचारलं होतं, कुठले टाकू. हे कोर्टात सांगता येणार नाही, कारण तिथे पंखा आहे आणि पंख्यातली माणसं साहेबांना आधीच फितूर झालेली आहेत. मग त्याने आमच्या पंख्याकडे बघून मॅडमना हळू बोलायची खूण केली.

पाटील हवालदारांनी कोणी न सांगता पंखा बंद केला. एप्रिल होता. उरलेली पाऊण तासाची तपासणी आम्ही चौघांनी घाम पुसत पूर्ण केली.

मॅडमनी लिहिलं: सध्या खटल्यास अपात्र. औषधाने सुधारणा शक्य. आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

* * *

घरभेटीचा आमचा एक फॉर्म आहे. तो कोणी बनवला माहीत नाही, पण बनवणारा नक्की फ्लॅटमध्ये राहत असणार. घरात धारदार वस्तू आहेत का? दोरखंड? खोल पाणी? उंच ठिकाणी सहज जाता येतं का?

मंदाताईंच्या ओटीवर बसून मी एकेक विचारत गेले. कोयते पाच. दोर भरपूर. विहीर मागे, समुद्र पुढे. उंच ठिकाण विचारल्यावर ताईंनी नुसतं वर बघितलं. मीही बघितलं.

"बेचालीस माड हायत," त्या म्हणाल्या. "कुठल्याला कुलूप लावू?"

मी 'आहे' वर बरोबरची खूण केली.

मग त्यांनी सांगितलं, की आवाज वाढले की गजा वर जातो. लहानपणापासूनची सवय नव्हे, आजारपणातलीच. शेंड्यावर बसला की कोणी बोलत नाही, असं तो म्हणतो. तास-दोन तास बसतो, निवांत होऊन उतरतो, जेवायला मागतो. त्या दिवशी वर गेला तर तिथेही तो स्पीकर.

चहा देताना ताईंनी उलट मलाच विचारलं, "बाय, तुमच्या घरात न्हाय काय सुरी?" मी म्हटलं आहे, पण वरच्या फडताळात. टेबलाच्या कोपऱ्यांना रबरी टोप्या लावल्यात. गॅसच्या बटणांना झाकणं आहेत. त्या कौतुकाने ऐकत होत्या. टोप्या ओवी उपटून चावते हे मी सांगितलं नाही.

निघताना सदानंदांनी कुंपणापलीकडून हाक मारली. मी मनातल्या मनात तयारी केली; फिर्यादी म्हणजे विरोध करणारच. त्यांनी शर्टाची कॉलर सरकवून टाक्यांचा व्रण दाखवला, हात किती वर जातो ते दाखवलं, पावसाळी हवेत प्लेट कशी ठणकते ते सांगितलं. वीस मिनिटं झाली. मग आपल्या माडांकडे बोट केलं. नारळांचे घोस पिकून वाळायला आले होते आणि चढायला गावात माणूस नव्हता. काल एक आपोआप पडून पाहुण्यांच्या गाडीची काच गेली म्हणाले.

"आता ह्याची केस कुनावर करू, सांगा."

* * *

घर नाही तर मनोरुग्णालय, म्हणून तिथे जागा आहे का हे विचारायला मी फोन केला. माझ्याबरोबर शिकलेली एक मैत्रीण तिथे आहे. जागा होईल म्हणाली. मग तिने त्यांच्याकडच्या एका आजोबांची गोष्ट सांगितली, हसत हसत.

हे आजोबा तरुणपणी सायकल चोरल्याच्या आरोपाखाली आले होते. अपात्र ठरले, खटला थांबला. औषधाने बरे झाले. पण बरे झाल्याचं पत्र कोर्टात पोचलं तेव्हा फाइल दुसऱ्या इमारतीत गेली होती, आणि घरचे पत्ता बदलून. आता ते तिथले सगळ्यात जुने. नवीन डॉक्टर आले की आजोबा त्यांना वॉर्ड दाखवतात, कुठली नर्स कडक आहे ते सांगतात, कुठल्या नळाला पाणी येतं ते सांगतात. सगळं दाखवून झालं की शेवटी विचारतात, "माझी तारीख कधी आहे, ते तुमच्याकडे आलंय का?"

मैत्रीण म्हणाली, नवीन डॉक्टर दर वेळी खरंच कागद शोधायला लागतो.

मीही हसले. फोन ठेवल्यावर लगेच सासूबाईंना लावला. त्या म्हणाल्या, "श्वास घेतेय. तुझं काय चाललंय?"

* * *

एवढं सगळं ऐकून-बघून रविवारी दुपारी मी रिपोर्ट लिहायला बसले. घरी पाठवावं, असंच ठरवलं होतं. ओवी पलंगावर, मी तिच्या समोर, लॅपटॉप मांडीवर. 'बहीण प्रेमळ व अनुभवी आहे. योग्य देखरेख उपलब्ध' एवढं टाइप केलं आणि पूर्णविराम द्यायच्या आत धप्प आवाज आला.

ओवी खाली पडली होती. कपाळाला टेंगूळ. दहा मिनिटांत ती हसायला लागली, मी तासाभराने. सासूबाईंनी बर्फ लावला, मग सहज विचारावं तसं विचारलं, "तू समोरच बसली होतीस ना?"

होते. हाताच्या अंतरावर.

मी रिपोर्ट उघडून ते वाक्य खोडलं. नवीन लिहिलं, की चोवीस तास देखरेख कोणत्याही एका व्यक्तीस शक्य नाही, आरोपीच्या सुरक्षेसाठी मनोरुग्णालयात ठेवणे योग्य राहील. भाषा इतकी ठाम जमली की मलाच आश्चर्य वाटलं. सोमवारी सकाळी मॅडमच्या टेबलावर ठेवला.

दुपारी परत आला. समासात मॅडमनी पेन्सिलने एकच ओळ लिहिली होती: 'हा रिपोर्ट कुणाबद्दल आहे?'

मी तिसऱ्यांदा लिहिला. या वेळी कोयते, विहीर, बेचाळीस माड, तो वर का जातो, मंदाताई कधी घरी असतात, सगळं जसंच्या तसं. शेवटी, घरी पाठवावं. देखरेखीच्या रकान्यात मात्र मला धीर झाला नाही. तिथे लिहिलं, 'शेजाऱ्यांचे सहकार्य अपेक्षित.' शेजारी म्हणजे फिर्यादी, हे कोणाच्या लक्षात येऊ नये अशी माझी अपेक्षा होती.

* * *

कोर्टाची तारीख आली. मॅडमना आणि मला दोघींनाही बोलावलं होतं. गजा पोलिसांबरोबर बाकावर बसला होता. औषधं लागू पडत होती. चेहरा जरा भरला होता. पण केस अजून कळत नव्हती. तो खिडकीबाहेर बघत होता.

विधी सेवेतर्फे त्याच्यासाठी नेमलेले म्हात्रे वकील त्याआधी कँटीनमध्ये मंदाताईंची तालीम घेत होते. साहेब विचारतील, भाऊ माडावर चढणार नाही याची हमी देता का. तुम्ही म्हणायचं, देते. एकच शब्द. ताईंनी दोन वेळा म्हणून दाखवलं, देते. म्हात्रे खूश झाले, वडापाव मागवला.

न्यायाधीश साहेबांनी माझा रिपोर्ट सावकाश वाचला. उंच ठिकाणाच्या रकान्याशी थांबले. मग मंदाताईंना अगदी तोच प्रश्न विचारला.

ताईंनी म्हात्र्यांकडे बघितलं, मग गजाकडे.

"ती कशी देऊ, सायब? चढंल तो. मी खाली बसंन."

म्हात्र्यांनी डोळे मिटले.

साहेबांनी विचारलं, किती वेळ बसाल? ताई म्हणाल्या, "उतरंपरत."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तुम्ही कामाला जाता का, असं विचारलं. ताई सकाळी आठ ते बारा एका होमस्टेत स्वयंपाकाला जातात, ते माझ्या रिपोर्टात होतंच. साहेब म्हणाले, मग आठ ते बारा खाली कोण बसणार?

म्हात्रे फाइलची पानं उलटायला लागले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मी फरशीकडे. साहेबांचा हात मनोरुग्णालयाने जागा असल्याचं जे पत्र दिलं होतं, त्याच्याकडे गेला.

तेवढ्यात मागच्या बाकावरून सदानंद उठले. ते विरोध करायला आलेत असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो.

"आठ ते बारा मी बसंन," ते म्हणाले.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. आपण कोण?

"फिर्यादी."

कोर्टात थोडं हसू पसरलं. साहेबांनी ते थांबू दिलं आणि मग समजावून सांगितलं, की अशी हमी नातेवाईक देऊ शकतो किंवा मित्र. फिर्यादी त्यात कुठे बसत नाही. तुम्ही यांचे कोण लागता ते सांगा.

सदानंद गजाकडे बघत राहिले. गजा खिडकीबाहेर. सदानंदांनी डाव्या हाताने उजवा खांदा चोळला.

"मग मित्र लिवा, सायब," ते म्हणाले. "पन मी हेल्मेट घालून बसंन. ते पन लिवा."

स्टेनोची बोटं थांबली. त्याने साहेबांकडे बघितलं.

साहेब म्हणाले, "लिहा."